पांढऱ्यावर पांढरं

१

मधमाशी उडाली नाही, एवढंच काय ते निमित्त.

शरयू सकाळी देवापुरती फुलं तोडायला मागच्या अंगणात आली, तेव्हा पत्र्याच्या डब्यात लावलेल्या पांढऱ्या शेवंतीच्या एका टपोऱ्या फुलावर ती बसलेली होती. पिऊन होऊ दे बिचारीचं, असं म्हणून शरयूने ते फूल सोडलं आणि बाजूची चार खुडली. शाळेत पोरींच्या कलकलाटात ही गोष्ट कशाला लक्षात राहते! पण दुपार कलल्यावर घरी येऊन पाय धुताना तिची नजर सहज शेवंतीकडे गेली आणि हात तांब्यासकट थांबला. माशी तिथंच होती. तेच फूल, तीच बैठक, तसंच डोकं आत खुपसलेलं.

वाऱ्याची झुळूक आली. माशीचे पंख थरथरले. शरयूला हायसं वाटलं, पण घटकाभरच. पंख हलले ते वाऱ्याने. पंखच काय, माशी अख्खीच्या अख्खी डुलत होती, जोंधळ्याच्या वाळक्या फोलासारखी.

तिने केसांतला आकडा काढून माशीला हळूच टोचलं. आत काही नव्हतंच. आणि मग माशीखालच्या एका पाकळीने पाय उचलले.

शरयू अशी काही ओरडली, की शेजारच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"काय झालं ओ, दचकूबाई?" आतून हसण्याचा आवाज आला. "आज मांजर आलं का भांडं पडलं?"

पदर सावरत संतोषबाई दारात आली. पांढरं लुगडं, पांढरं पोलकं, आणि ऐन विशीतला, हसताना एका गालावर खळी पडणारा चेहरा. तो चेहरा या घरात उघडा बघायला मिळायचा तो फक्त शरयूला आणि सासूला.

२

अंबडच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा शरयूच्या वडिलांनी, भालचंद्ररावांनी, औरंगाबादहून येऊन स्वतः भाड्याची खोली पाहिली होती. भागचंदजींचं कापडाचं दुकान, घर जैन, सोवळं, माणसं मोजकी. भागचंदजी, त्यांची आई पानबाई आणि धाकट्या भावाची बायको संतोषबाई. धाकटा भाऊ जुगलकिशोर तीन सालांमागे विषमज्वराने गेला. तेव्हापासून संतोषबाई पांढऱ्या कपड्यात आणि मागच्या खोलीत. थोरल्या दिरासमोर घुंगट नाकाखाली. रोज दुपारी सामायिक; म्हणजे आसन घालायचं, तोंडाला मुहपत्तीचा कपडा बांधायचा, वाळूची घडी उलटी करून ठेवायची आणि वाळू सरेपर्यंत धर्माशिवाय काही मनात आणायचं नाही. त्या वेळात तिला हाक मारायची नाही, शिवायचं नाही. सामायिक भंगलं तर दोष हाक मारणाराला लागतो, असं पानबाईंनी शरयूला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

वाळू सरली, की शरयू अंगणाच्या या बाजूने हाक द्यायची, "संतोषबाई, आहात का?"

आणि ठरलेलं उत्तर यायचं, "हाय ना, बाई! मी कुठं जाऊन राह्यले?"

दोघी हसायच्या. मग पाटी निघायची. कारण संतोषबाई आता खरोखरच कुठंतरी जाणार होती. औरंगाबादेत बायकांना अक्षरओळखीपासून शिकवून शिक्षिका करणारी संस्था होती, राहायची सोय होती, विधवांना आधी घेत. शरयूने भागचंदजींच्या मागे लागून लागून होकार मिळवला होता. "हैदराबादचं राज्य गेलं, जमाना बदलून राह्यला," असं म्हणत त्यांनी एक पत्र्याची हिरवी पेटीसुद्धा आणून दिली होती. दिवाळी झाली, की शरयूने तिला मोटारीने घेऊन जायचं.

तर त्या दिवशी दोघी शेवंतीवर वाकल्या. शरयू समजावू लागली. कॉलेजात सरांनी दाखवला होता तो हाच कोळी. हा जाळं विणत नाही. फुलावर जाऊन बसतो आणि फुलाच्या रंगाचा होतो. पांढऱ्यावर पांढरा, पिवळ्यावर चार-आठ दिवसांत पिवळा. पुढचे लांब पाय कवेत घ्यायला पसरल्यासारखे उघडे ठेवतो आणि हलत नाही. माशी मधासाठी येते. तो मानेमागे धरतो.

"आणि मंग?"

"मग पितो. आतलं सगळं. वरचं टरफल तसंच राहतं. लांबून वाटतं, माशी मध पिते आहे."

संतोषबाईने वाकून टरफल निरखलं. "म्हणजे दुसऱ्या माशीला वाटत असंल, हिचं बरं चाललंय."

"टाका बाई त्याला झटकून. मला बघवत नाही."

"झटकायचं म्हंजी मारायचं. आमच्यात चालत न्हाई." तिने डोळे मिचकावले. "न्हाई झटकला तर माशा मरतेत. झटकला तर हा. तुमच्या कॉलेजात ह्याचं काही शिकवलं का न्हाई?"

"तुम्ही काहीही करा, पण त्याला तिथून काढा!"

संतोषबाईने आतून पुंजणी आणली. लोकरीचा मऊ, बोटभर कुंचा तो. बसण्याआधी जागा झाडायला, किडामुंगी चिरडू नये म्हणून. तिने तो इतक्या हलक्या हाताने फुलावर टेकवला, की कोळी आपणहून चढला. तो घेऊन ती आपल्या खोलीत गेली. दिवाळीचा चुना नुकताच दिलेला होता. आसनामागच्या भिंतीला पुंजणी लावून ती म्हणाली, "इथं फूल न्हाई, माशी न्हाई. कर उपास माझ्यासंगं."

शरयूने उंबऱ्यातून पाहिलं. तो भिंतीवर दोन पावलं चालला, खेकड्यासारखा, आडवा. मग थांबला. मग दिसेनासा झाला. गेला कुठंच नव्हता, फक्त दिसेनासा झाला.

३

त्यानंतर खोली गप्प झाली.

हे शरयूच्या ध्यानात यायलाही वेळ लागला. आवाज नसणं काही चटकन ऐकू येत नाही. आढ्याला चिमणीचं घरटं होतं, तिची दिवसभर चिवचिव असायची. ती बंद पडली. संध्याकाळी खिडकीशी पाल चुकचुकायची, तीही दिसेना. बाहेर अंगणात माशा घोंगावत, पण संतोषबाईच्या उंबऱ्याशी आलं की कानांत कापूस घातल्यासारखं व्हायचं.

चुन्याच्या वासाने पाल पळाली असेल. चिमणीची पिलं मोठी झाली असतील. शरयू स्वतःशी अशी कारणं मांडायची आणि ती सगळी पटण्यासारखी होती. तरी तिला त्या खोलीत पाय टाकवेना. एकदा खोलीतून शेवंतीचा वास आला. दाट, गोड, जिभेवर आल्यासारखा. संतोषबाई फुलं तोडत नसे. तोडलेली आपल्या खोलीत आणू देत नसे.

"वास येतोय का हो तुम्हाला?"

"छान येतो," संतोषबाई म्हणाली. "मला वाटलं, तुमच्या डब्यातला."

डब्यांतली फुलं तर केव्हाच सुकायला लागली होती.

आणि सामायिक लांबायला लागलं. शरयू हाक मारायला यायची तर घडीतली वाळू सगळी खाली गेलेली, आणि संतोषबाई अजून बसलेलीच. पाठ ताठ, डोळे अर्धे मिटलेले, मुहपत्ती हलत नाही. वाळू सरली म्हणजे सामायिक सरलं, हे शरयूला माहीत होतं. पण तिने एकावर दुसरं धरलं असेल तर? दोन-दोन, तीन-तीन करतात म्हणे. हाक मारावी, तर दोष. मारू नये, तर… तर काय, हे तिला सांगता येत नव्हतं. ती पायाच्या बोटांनी उंबरा खरवडत उभी राहायची. शेवटी कधीतरी संतोषबाई पापणी उचलायची आणि म्हणायची, "अगं बाई, आत्ताच तर बसल्ते."

तिचं आसन पूर्वी खोलीच्या मध्यावर असायचं. आता ते भिंतीला टेकलं होतं.

४

"काकी, संतोषबाई वाळल्यात हो फार," दिवाळी सरल्यावर शरयू एकदा पानबाईंजवळ बोलली.

पानबाई मूग निवडत होत्या. त्यांनी वर न बघताच मान डोलावली. "तपाने वाळणारच की. माझं ऐक, मास्तरीण, तीन साल ही पोरगी रोज रडल्ती. रात्र रात्र उशी चावून रडल्ती, मी ऐकल्तं. आता बघ कशी शांत बसती. गल्लीतल्या बाया बघायला येतेत."

"पण पाटीला हात लावत नाहीत. पेटीपण उघडली नाही अजून."

"मंग न्हाई जाणार." पानबाईंचा आवाज एकाएकी ओला झाला. "माझा पोरगा गेला. सून तरी घरात राहू दे की."

शरयू उठून बाहेर आली.

भागचंदजींना तिने दुकानात जाऊन गाठलं. त्यांनी गजाची पट्टी बाजूला ठेवली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"डॉक्टरला बोलवू, बाई. बिलकुल बोलवू. पण मला तर तब्येत ठीक वाटती. रोज दुकानावरून आलो की पाठ म्हणायचा आवाज येतो. पहिल्यापेक्षा गोड येतो."

"तुम्ही त्यांचा चेहरा पाहिलात का?"

भागचंदजी ओशाळून हसले. "लग्न होऊन आली तवापासून न्हाई पाह्यला. आमच्यात तसं न्हाई. आवाज ऐकला म्हंजी माणूस हाय, असं समजायचं."

शरयू परतली. बाजारातून येताना कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली आणि ती दचकून एका टोपलीवर आदळली. टोपलीवाली म्हणाली, "अगं बघ की जरा! भूत पाह्यलं का?" सगळे हसले. आपण अशा भित्र्या, म्हणून आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे शरयूला तिथंच, कांदे गोळा करता करता कळून चुकलं.

५

त्याच दुपारी संतोषबाई आपणहून बोलली. बसली होती भिंतीलाच टेकून. वाळूची घडी आडवी पडलेली.

"इकडं या ना, बाई. लांबून काय बोलता?"

"इथूनच बरं आहे."

"दचकू ती दचकूच." खळी पडली, पण पडली ती तशीच राहिली, हसू गेलं तरी बुजली नाही. "तुम्ही सांगितल्तं ते मी लई आठवते. माशीला कळत असंल का ओ?"

"काय?"

"की पीत कोण हाय."

शरयूने विषय बदलला. "डॉक्टर येतील उद्या. आणि परवा आपण निघायचं. तुम्ही पाटीवर नाव किती सुंदर काढायला लागला होता. तिथं खिडकीशी पलंग असतो प्रत्येकीला. मी सांगितलं होतं ना?"

"हां, खिडकी." संतोषबाईने आठवल्यासारखं केलं. "जायचं होतं मला, बाई. लई जायचं होतं." तिच्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. आलं नाही, डोळे कोरडेच, आणि बाहुलीभोवतीचं काळं कसं धुतल्यासारखं फिकट झालेलं. "पण तुम्हाला सांगते, दुखत न्हाई. बिलकुल दुखत न्हाई. इथं बसलं की जुगलचा आवाजबी आठवत न्हाई, उशी लागत न्हाई. गोड वाटतं बस. गोड गोड वाटतं."

शरयूचं लक्ष तिच्या मागे गेलं. चुन्यात दोन उंचवटे आले होते. संतोषबाईच्या डोक्याच्या दोन्ही अंगांनी निघून, बाकदार, खाली उतरत आलेले. गिलाव्याला पोपडे धरतात. ओल असेल. या भिंतीमागे मोरी आहे का? नव्हती, मागे उघडं, वाळकं अंगण होतं. उंचवटे काल खांद्यांपासून लांब होते, असं तिला वाटलं. आज खांद्याशी होते.

"संतोषबाई, उठा तिथून. हात द्या."

तिने उंबरा ओलांडून हात पुढे केला. संतोषबाईनेही केला. दोघींची बोटं क्षणभर लागली. त्या हाताला वजनच नव्हतं. गरम नाही, गार नाही. कागदाची पिशवी धरावी तसा. शरयूने तो सोडला. सोडला, आणि अंगणात पळाली.

मागून कुणी हसलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले नाहीत. परगावी गेल्ते म्हणे. पानबाई आणि भागचंदजी महाराजांच्या प्रवचनाला सकाळच्या मोटारीने जालन्याला गेले. सून सामायिकात आहे, उठली की जेवेल, ताट झाकून ठेवलंय, असं शेजारी सांगून गेले.

शरयू शाळेतून मध्येच निघून आली. रात्रभर ती आपल्या खोलीत त्या सोडलेल्या हाताचा विचार करत पडली होती. तिने ठरवलं होतं: आज आत जायचं. दोष लागला तर लागू दे. हाताला धरून, उचलून, फरफटत का होईना, पण तिला बाहेर उन्हात आणायचं. उद्याची मोटार होती.

ऊन असं पडलं होतं, की अंगणातला प्रत्येक खडा वेगळा दिसत होता. झाकलेलं ताट तसंच. हिरवी पेटी दाराशी तशीच, वर पाटी. पाटीवर शरयूने काढून दिलेलं 'संतोष', आणि त्याखाली तिच्या हाताचं, थोडं तिरपं, 'संतो'. पुढचं अक्षर राहिलं होतं.

दार उघडं होतं. खिडकीतून आलेलं ऊन थेट भिंतीवर. संतोषबाई आसनावर बसलेली. पाठ ताठ, पदर कपाळावर, तोंडाला मुहपत्ती, मांडीवर हात. घडीची वाळू खाली. किती सुरेख बसली होती! गल्लीतल्या बाया बघायला यायच्या त्यात नवल नव्हतं.

भिंतीवरचे उंचवटे तिला आधी दिसले नाहीत. मग दिसले. ते आता खांद्याच्या पुढे आले होते. चुना भिंत सोडून पुढे येत नाही. उन्हाचा डोळ्यांवर परिणाम होतो, शरयूने स्वतःला बजावलं. पांढऱ्यावर पांढरं असलं की पुढचं-मागचं कळत नाही, हे कॉलेजात शिकलेलं आहे.

तेवढ्यात तिच्या कानाजवळून काहीतरी गुणगुणत गेलं. मधमाशी. इतक्या दिवसांत त्या खोलीत शिरलेला पहिला आवाज. माशी खोलीभर एक घिरटी घालून भिंतीवर उतरली, संतोषबाईच्या पदराच्या वरच्या बाजूला, कोऱ्या चुन्यावर. दोन पावलं चालली. मग फुलात घालावं तसं तिने डोकं खाली घातलं.

गुणगुण थांबली.

शरयू तिच्याकडे बघत राहिली. उड, ती मनात म्हणाली. उड ना गं.

खिडकीतून वारा आला. पदराचं टोक हललं. मग मांडीवरचे हात हलले. मग संतोषबाई हलली. मान नव्हे, खांदे नव्हे, ती अख्खीच्या अख्खी, आसनावरच्या आसनावर, या अंगाला जराशी आणि त्या अंगाला जराशी. वारा पडला, आणि ती थांबली.

शरयूच्या तोंडून आवाज फुटेना. जी बाई भांडं पडलं तरी गल्ली जागी करायची, तिला आता ओरडता येत नव्हतं. पाय उंबऱ्याला चिकटले होते. हाकच उरली होती तिच्याजवळ. इतके दिवस जी गिळली, ती.

"संतोषबाई," ती पुटपुटली. "आहात का?"

मुहपत्तीचा कपडा नाकाखाली सरळ लोंबत होता. आत घेतला जात नव्हता, बाहेर सोडला जात नव्हता.

"संतोषबाई!"

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. शरयूचे डोळे भरून वाहू लागले. पाण्यातून खोली नुसती पांढरी दिसत होती. कुठं लुगडं संपतं, कुठं भिंत सुरू होते, कळत नव्हतं. तिला त्या खळीची आठवण झाली. पाटीवरच्या राहिलेल्या अक्षराची झाली. 'बाई' म्हणायचं तिने सोडून दिलं आणि सख्ख्या बहिणीला मारावी तशी, जीव काढून हाक मारली.

"संतोष! अगं संतोष! आहेस का गं?"

कितीतरी वेळ काहीच नाही. मग पांढऱ्या पदराच्या वर, जिथं भिंतीशिवाय काही नव्हतं, तिथून, अगदी मायेने, पहिल्यापेक्षा गोड, ओळखीचं हसू हसत उत्तर आलं.

"हाय ना, बाई! मी कुठं जाऊन राह्यले?"